एका लॅपटॉपवर दोन प्रणाली



आम्ही अंध माणसे संगणक कानाने वाचतो. विंडोजचा पडदा वाचून दाखविणारे एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर मायकेल करन या अंध तरुणानेच २००६ साली सुरू केले. लिनक्सवर हेच काम ऑर्का करते, तेही मोफत. मग एकाच लॅपटॉपवर दोन्ही प्रणाली का नसाव्यात?

प्रथम आपल्या माहितीची प्रत काढून ठेवावी. डेबियन लिनक्सची यादी उघडली की 'एस' दाबून एंटर करावे. पुढचे सर्व प्रश्न ते बोलून विचारते.

खरी अडचण पुढे आहे. लॅपटॉप सुरू होताच 'विंडोज की लिनक्स?' असे विचारणारी ग्रबची यादी मुकी असते. तिला आरंभीचा सूर लावता येतो. सूर ऐकू आला की खालचा बाण किती वेळा दाबायचा, हे पाठ ठेवावे. काही लॅपटॉपांवर सूर वाजत नाही. तेथे नेहमीची प्रणाली पहिली ठेवावी.

बायोसचा पडदा मात्र बहुतेक ठिकाणी मुकाच आहे. त्या दोन मिनिटांसाठी आम्हांला दुसऱ्याचे डोळे मागावे लागतात. आमची मागणी दयेची नाही. यंत्राने पहिल्या क्षणापासून बोलावे, एवढीच आहे.