जकातीची रेषा आणि पोटाची वाट
(आकाशवाणीवरून झालेलें भाषण)



गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी शेगांवीं माझ्या घरीं आला होता. गांवापासून दोन कोसांवर त्याची पांच एकर कोरडवाहू शेती आहे. तींत तो पऱ्हाटी व तूर पेरतो. हातांत कागदांनीं भरलेली पिशवी होती. ‘गुरुजी, एवढे वाचून अर्थ सांगा,’ म्हणाला. कागद इंग्रजींत होते, आणि मीहि मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. परंतु शब्दकोश घेऊन बसलों व दोन तासांत अर्थ लागला. त्याची पत्नी परिचारिकेचें शिक्षण घेतलेली. ती २०२४ च्या एप्रिलमध्यें इंग्लंडांत एका वृद्धगृहांत नोकरीस गेली. सहा महिन्यांनीं नवऱ्यानें व लहान मुलीनें मागाहून जावें असा बेत होता, आणि त्या भरंवशावर शेत गहाण पडलें होतें. कागदांचा मथितार्थ एवढाच कीं, नवऱ्याला व मुलीला तिकडे जातां येणार नाहीं.

‘असें कां, गुरुजी?’ हा त्याचा प्रश्न. त्या दिवशीं मला त्याचें नीट उत्तर देतां आलें नाहीं. आज तें देण्याचा प्रयत्न करणार आहें. त्यासाठीं मला आधीं कापसाच्या बाजारांत जावें लागेल, याबद्दल श्रोत्यांनीं क्षमा करावी.

शाळेंत नागरिकशास्त्राच्या तासाला मी एक व्याख्या शिकवीत असें. कांहीं देश एकत्र येतात, आपसांतील जकातीचीं नाकीं उठवितात आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सर्व मिळून एकच जकात बसवितात, याला जकातसंघ म्हणतात. मुलें ती पाठ करीत, गुण मिळवीत आणि विसरून जात. त्यांना दोष कसा द्यावा? फळ्यावरच्या व्याख्येंत हमाल नसतो, मापाडी नसतो, गिरणीचा भोंगा नसतो. मलाहि ही गोष्ट उमगली ती पुस्तकावरून नव्हे, आजोबांच्या तोंडून.

आजोबा शेगांवांतील एका जिनांत मापाडी होते. आमच्या गांवाचें नांव आज श्रीगजाननमहाराजांमुळें सर्वतोमुखीं आहे. परंतु मुंबई-नागपूर लोहमार्गावरचें हें स्टेशन त्या काळीं रुईच्या गाठींसाठींहि ओळखलें जाई. शेजारच्या जलंबहून खामगांवला १८७० सालीं आगगाडीचा जो फांटा निघाला, तो मुख्यतः कापसासाठींच. वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या पेढ्यांवर ‘ऊमरा’ या नांवानें विकला जाई. तें आपल्या उमरावतीचेंच, म्हणजे अमरावतीचें, साहेबी रूप. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललें तेव्हां वऱ्हाडांत पैसा खेळला. जपाननें १९३३ सालीं हिंदी कापसावर बहिष्कार घातला तेव्हां येथील अडत्यांच्या तोंडचें पाणी पळालें. दूरच्या राजधानींतील एका सहीनें आपल्या बाजारांतला भाव हलतो, हें वऱ्हाडी शेतकऱ्याला कोणीं शिकवावें लागलें नाहीं. जकातीची रेषाहि त्याला ठाऊक होती. दक्षिणेस पैनगंगा ओलांडली कीं मोगलाई, म्हणजे निजामाचें राज्य, आणि त्याची जकात निराळी. नवरीचें लुगडें घेऊन जाणाऱ्या वऱ्हाडालासुद्धां नाक्यावर गांठोडें सोडून दाखवावें लागे, असें आजोबा हंसत हंसत सांगत.

१९४७ च्या ऑगस्टपर्यंत कराचीपासून कलकत्त्यापर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचें एकच जकातक्षेत्र होतें. सिंधमध्यें सक्करचा बंधारा १९३२ सालीं सुरू झाला. पश्चिम पंजाबांत कालव्यांच्या वसाहती आधींच भरभराटीला आल्या होत्या. तेथें अमेरिकन जातीचा लांब धाग्याचा कापूस पिके आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत येऊन त्याचें सूत होई. फाळणी झाली तेव्हां अखंड हिंदुस्थानांतील ३९४ कापडगिरण्यांपैकीं ३८० भारतांत राहिल्या व १४ पाकिस्तानांत गेल्या. चांगल्या कापसाचा मोठा मुलूख मात्र तिकडे गेला. बंगालमध्यें तागाची गत याहून विलक्षण. पीक बव्हंशीं तिकडे, गिरण्या सगळ्या इकडे. दोन्ही सरकारांनीं प्रथम कांहीं महिने जुनीच व्यवस्था चालूं ठेवण्याचा करार केला होता. तो २९ फेब्रुवारी १९४८ रोजीं संपला, आणि १ मार्चपासून पाकिस्तान जकातीच्या दृष्टीनें परकें राष्ट्र ठरलें. रक्ताची रेषा आधींच ओढली गेली होती. कारकुनाच्या शाईची रेषा तिच्यामागून साडेसहा महिन्यांनीं उमटली.

पुढल्या वर्षीं कोंडी पुरी झाली. १८ सप्टेंबर १९४९ रोजीं पौंडापाठोपाठ भारतानें आपल्या रुपयाची किंमत शेंकडा ३०.५ नें उतरविली. पाकिस्ताननें उतरविली नाहीं. त्यांचे १०० रुपये एकदम आपल्या १४४ रुपयांच्या बरोबरीचे झाले. आपल्या सरकारनें हा दर मान्य केला नाहीं, व्यापार जवळजवळ थांबला, आणि फेब्रुवारी १९५१ च्या करारापर्यंत तो असाच अडून राहिला.

आजोबा सांगत कीं, त्या हंगामांत जिनांतली मंडळी मोठी खुशींत होती. सिंधचा माल बंद, आतां मुंबईवाले पाय धरीत वऱ्हाडांत येणार, असा सर्वांचा हिशेब. हिशेब चुकला. एक तर आमचा गांवरान कापूस आखूड धाग्याचा. बारीक सुताला तो चालत नाहीं. गिरणीवाल्यांनीं लांब धाग्यासाठीं मिसर, पूर्व आफ्रिका व अमेरिका यांकडे तोंड वळविलें. दुसरें असें कीं, कापसाच्या भावाला सरकारनें वरची मर्यादा घातलेली होती. टंचाई झाली तरी भाव त्या मर्यादेपलीकडे उघडपणें जाऊं शकत नव्हता. शेजाऱ्याचें दुकान बंद पडलें म्हणजे त्याचें गिऱ्हाईक आपल्याच ओट्यावर चढतें असें नाहीं. त्याला हवा तो माल आपल्यापाशीं असावा लागतो. पुढें लांब धाग्याच्या जाती लावण्याचा प्रयत्न जोरानें झाला, त्यांत यशहि आलें. पण बीं बदलायला वर्षें लागतात, आणि हमालाच्या चुलीला संध्याकाळीं पीठ लागतें.

मुंबईच्या गिरणगांवांत याचें दुसरें टोंक दिसे. कापसाची चणचण झाली कीं गिरणीवाला प्रथम पाळी कमी करतो. आणि पाळी कमी झाली कीं पहिल्यानें मरतो तो बदली कामगार, कोंकणांतून किंवा साताऱ्याकडून आलेला, ज्याचें नांव कायमच्या पटावर नसतें. तो सकाळीं दारावर उभा राहतो आणि तसाच खोलीवर परततो. पाकिस्तानच्याहि पदरांत निर्भेळ सुख पडलें नाहीं. कोरियाच्या युद्धांत कापसाचे भाव चढले तोंवर त्यांचें बरें चाललें, मग ते कोसळले. त्यांनीं स्वतःच्या गिरण्या उभारल्या, आणि आपल्या कापडाची ती बाजारपेठ गेली ती गेलीच.

आतां मालाकडून माणसाकडे येतों. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यांत मोडत असे. त्यामुळें कराची हें मराठी माणसाला परकें गांव नव्हतेंच. सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेंत, शाळांत मराठी माणसें होतीं. एका मास्तराला अभिमान वाटावा अशी गोष्ट येथें सांगून टाकतों: कराचींतील १८५५ सालीं स्थापन झालेली एक जुनी सरकारी शाळा अजून नारायण जगन्नाथ वैद्य यांचें नांव मिरविते, आणि हे वैद्य म्हणजे सिंधच्या शिक्षणखात्यांत काम केलेले मराठी गृहस्थ. मुंबईस आगबोटींत बसावें व कराचीस उतरावें, इतकी ती वाट सरळ होती. एका भावाचें घर रत्नागिरीकडे व दुसऱ्याची नोकरी कराचीच्या बंदरांत, असें कोंकणांतील अनेक मुसलमान कुटुंबांचें होतें.

फाळणींत माणसें हललीं तीं जकातीमुळें नव्हेत, भयामुळें, हें मीं विसरलेलों नाहीं. कल्याणच्या लष्करी छावण्यांत जवळजवळ एक लाख सिंधी निर्वासित येऊन पडले आणि त्यांतून उल्हासनगर वसलें. ते कांहीं व्यापारी करार वाचून निघाले नव्हते. माझ्या वर्गांत अशाच एका कुटुंबांतला मुलगा होता. त्याची आजी सिंधी गाणीं म्हणत पापड लाटी व त्या पापडांवर घर चाले. पण एक गोष्ट वेगळी काढून पाहिली पाहिजे. जुलै १९४८ मध्यें परवाने सुरू झाले, आणि १५ ऑक्टोबर १९५२ पासून पासपोर्ट व व्हिसा. तोंवर पोटासाठीं ये-जा करणारा माणूस आणि कायमचा गेलेला माणूस, अशा दोन जाती होत्या. या कागदांनीं पहिली जात नाहींशी केली. रत्नागिरीच्या त्या धाकट्या भावाला ठरवावें लागलें: घर कीं नोकरी? एकदां निवडलें कीं दुसरें सुटलें. कराचींत थोडीं मराठी कुटुंबें अजून आहेत, गणपति बसवितात. पण तीं आतां तेथलीं झालीं आहेत.

ही शिळी कथा आहे असें कोणास वाटेल. फेब्रुवारी २०१९ मध्यें आपण पाकिस्तानी मालावर शेंकडा २०० जकात बसविली, आणि त्याच वर्षींच्या ऑगस्टमध्यें त्यांनीं व्यापारच स्थगित केला. पुढें ३१ मार्च २०२१ रोजीं त्यांच्या अर्थविषयक समितीनें भारतांतून कापूस, सूत व साखर घेण्यास संमति दिली. आणि दुसऱ्याच दिवशीं त्यांच्या मंत्रिमंडळानें ती फिरविली. एका रात्रीचा बाजार! २ मे २०२५ पासून आपणहि तिकडची आयात सर्वस्वीं बंद केली. या निर्णयांचीं राजकीय कारणें मोठीं आहेत, त्यांत मी शिरत नाहीं. अटारीच्या नाक्यावर पाठीवर पोतीं वाहणाऱ्या हमालांचें काय झालें, एवढेंच विचारतों.

आतां इंग्लंड. त्या देशानें २३ जून २०१६ रोजीं मतदान घेऊन, शेंकडा ५२ विरुद्ध ४८ अशा निसटत्या बहुमतानें, युरोपीय संघ सोडण्याचें ठरविलें. ३१ जानेवारी २०२० रोजीं तो संघाबाहेर पडला, व २०२० च्या अखेरीस जुन्या सवलती संपल्या. त्या संघांत माल मोकळा होता तसा कामगारहि मोकळा होता. पोलंडचा गवंडी, रुमानियाची दाई, विनापरवाना येत व जात. आपल्या गोव्यांतील कांहीं लोकांनीं आजा-बापांच्या पोर्तुगीज जन्मनोंदींवरून पोर्तुगालचें नागरिकत्व घेतलें होतें. ते त्याच दारानें लंडनमधील साउथॉलला व स्विंडनला जाऊन कारखान्यांत, गुदामांत काम करूं लागले होते. तें दार २०२१ च्या आरंभीं नव्यांसाठीं बंद झालें. आधींपासून राहणाऱ्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून हक्क राखतां आला. जे सणाला घरीं आले व जाऊं जाऊं म्हणतां थांबले, त्यांचे वांधे झाले.

ज्यांनीं बाहेर पडण्याच्या बाजूनें मत दिलें त्यांतील पुष्कळांना परके लोक कमी व्हावेत असें वाटत होतें. युरोपांतले लोक कमी झाले खरे. पण म्हाताऱ्यांना उठविण्या-बसविण्याचें काम कांहीं कमी झालें नाहीं. २०२१ च्या शरदांत तर मालमोटारी हांकणारे मिळेनात. शेवटीं फेब्रुवारी २०२२ मध्यें वृद्धांच्या शुश्रूषेसाठीं दूरदेशींच्या माणसांना दार उघडलें. त्यांतून, विद्यार्थ्यांतून व इतर वाटांनीं इतके लोक आले कीं, जून २०२३ ला संपलेल्या वर्षांत, गेलेले वजा करून, सुमारें ९ लाख माणसें त्या देशांत वाढलीं, आणि येणाऱ्यांत भारतीयांचा भरणा सर्वांत मोठा होता. जवळचा गेला व लांबचा आला. तेथें ओरड झाली, आणि सरकारनें दार टप्प्याटप्प्यानें लोटावयास आरंभ केला. ११ मार्च २०२४ पासून शुश्रूषेच्या कामावर नव्यानें जाणाऱ्यांना नवरा-बायको-मुलें नेण्यास मनाई झाली. २२ जुलै २०२५ पासून परदेशांतून अशी नवी भरतीच थांबली.

माझ्या विद्यार्थ्याच्या पत्नीचा अर्ज मार्चच्या त्या तारखेनंतर थोड्याच दिवसांनीं गेला होता. मध्यस्थी करणाऱ्या दलालानें हा नियम सांगितला नाहीं. त्याला ठाऊक नव्हता कीं त्यानें लपविला, देव जाणे.

हें सारें मीं एका कागदावर मराठींत लिहून त्याच्या हातीं दिलें. तो म्हणाला, ‘गुरुजी, मग दोन वर्षांनीं तिला बोलावून घेतों, आणि पुन्हां वाटलें तर पुन्हां जाईल.’ मला दुसरी तारीख त्याला दाखवावी लागली. काम सोडून ती परत आली तर त्या कामासाठीं पुन्हां जातां यावयाचें नाहीं. तिकडे राहिली तर कर्ज फिटेल, शेत सुटेल. मुलगी मात्र आजीपाशीं वाढेल. परत आली तर मुलीला आई मिळेल, आणि शेताचें काय तें यंदाच्या कापसाच्या भावावर. तो भाव आपण सर्व जाणतों.

‘तुम्हीच सांगा, काय करूं?’ असें त्यानें विचारलें. मीं उलट विचारलें, ‘हे कागद तिनें वाचले आहेत का?’ त्यानें मान हालविली. तिला घोर लागेल म्हणून त्यानें दाखविलेच नव्हते. रात्रीं आठ वाजतां तिचा फोन येतो. तेव्हां तिकडे दुपार असते. मीं लिहिलेला कागद गुडघ्यावर ठेवून तो आठ वाजेपर्यंत आमच्या ओसरीवर बसून राहिला. फोन आला तसा मी उठून आंत गेलों.