रात्रीचा सराव, दिवे आणि पिस्तूल

दादरच्या शिवाजी पार्कसमोरील स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकात एअर पिस्तुलाचा, म्हणजे दाबलेल्या हवेच्या जोराने 4.5 मिलिमीटरचा छर्रा सोडणाऱ्या पिस्तुलाचा, सराव चालतो. नोकरी वा कॉलेज सांभाळणाऱ्या नेमबाजाला असा सराव बहुधा दिवेलागणीनंतरच साधतो आणि तेव्हा सारी भिस्त दिव्यांवर असते. 10 मीटरवरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटरचे, शर्टाच्या बटणाएवढे, असल्याने आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लक्ष्यावर किमान 1500 लक्स उजेड लागतो. लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप आहे.

दिवे अचानक गेले, तर उजेडाला सरावलेले डोळे अंधाराशी पुरते जुळायला 20 ते 30 मिनिटे लागतात. अशा वेळी बोट ट्रिगरवरून काढून, नळी लक्ष्याकडेच ठेवून, जागच्या जागी थांबणे आणि रेंज अधिकाऱ्याच्या आज्ञेची वाट पाहणे अत्यावश्यक ठरते, कारण पिस्तुलाची आखूड नळी मनगट किंचित वळले तरी शेजारच्या माणसावर रोखली जाते. सराव थांबल्यावर नळीत घालावयाची भडक रंगाची दोरी, जिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात, पिस्तूल रिकामे असल्याची खूण असते. ती दिसेपर्यंत प्रत्येक पिस्तूल भरलेलेच मानावे.