माल कुठे चालला?



फेब्रुवारी २०२३ मध्ये एक पट्टी राज्यभर गाजली होती. सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा आणला. भाव मिळाला किलोला १ रुपया, म्हणजे ५१२ रुपये. त्यातून मोटारभाडे, हमाली, तोलाई वजा झाली आणि त्याच्या नावावर उरले २ रुपये ४९ पैसे. तेव्हा चर्चा झाली ती भावाची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या पट्टीत आणखी एक गोष्ट लपलेली होती. भाव पडतो, भाडे पडत नाही. कांदा १ रुपयाचा असो की ४० रुपयांचा, ट्रकला डिझेल तेवढेच लागते.

हे भाडे ठरते कसे, आणि ते कमी व्हावे म्हणून राज्याला काय आखता येते, यावर आज बोलायचे आहे. तसा मी कवितेतला माणूस. पण ज्या मोहल्ल्यात वाढलो तिथली अर्धी वस्ती ट्रकच्या जिवावर जगायची. कोणी पाटे बसवणारा, कोणी ताडपत्री शिवणारा, कोणी पंक्चरवाला, कोणी हुंडेकऱ्याच्या पेढीवर बिल्ट्या लिहिणारा. त्यामुळे हा विषय मला परका वाटत नाही.

आपल्याकडे मालाची वाट पहिल्यांदा ठरवली ती सह्याद्रीने. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर कोकणातले मीठ घाटावर नेत आणि घाटावरचे धान्य खाली आणत. १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे सुरू झाली. तिथला चढ ३७ फुटांमागे १ फूट इतका खडा आहे. आजही वर चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने लावतात. घाटाचा हा खर्च कोणी माफ करत नाही. तो शेवटी मालाच्या किमतीतच येऊन बसतो.

राज्याच्या मालवाहतुकीचे नियोजन करणारे अभियंते एक मॉडेल तयार करतात. नाव मोठे असले तरी त्यात चार साधे प्रश्न असतात. कुठून किती माल निघतो? तो कुठे जातो? कशाने जातो, ट्रकने, रेल्वेने की जहाजाने? आणि कोणत्या वाटेने? या चार प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मांडली की संगणकावर एक आकड्यांचे राज्य उभे राहते. मग त्याला विचारता येते की अमुक घाटात बोगदा काढला तर काय होईल, तमुक ठिकाणी मालधक्का केला तर किती ट्रक कमी होतील. कोट्यवधी रुपये जमिनीत ओतण्याआधी कागदावर चूक करून पाहण्याची ही सोय आहे.

ही रीत मुळात माणसांच्या प्रवासासाठी तयार झाली. अडचण तिथूनच सुरू होते. माणूस सकाळी कामाला जातो आणि संध्याकाळी घरी येतो. माल परत येत नाही, पण ट्रकला परत यावे लागते. नाशिकहून द्राक्षे घेऊन गेलेल्या गाडीला येताना भाडे मिळाले नाही, तर चालक दोन दोन दिवस तिथेच थांबतो किंवा रिकामा निघतो. रिकाम्या खेपेचा खर्च जातानाच्या भाड्यात आधीच धरलेला असतो. म्हणजे द्राक्षवाला दोन्ही खेपांचे पैसे मोजतो. रस्त्याच्या कडेला बसून नुसते ट्रक मोजणाऱ्याला मात्र भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक सारखाच दिसतो. म्हणून मोजायचा असतो तो माल, ट्रक नव्हे.

माल मोजायचा कसा? पूर्वी नाक्यावर गाडी थांबवून चालकाला विचारत, कुठून आलास, कुठे चाललास, काय भरले आहेस. अजूनही विचारतात. पण आता आणखी साधने आहेत. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजार रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागते. राज्यातल्या राज्यात महाराष्ट्राने ही मर्यादा १ लाख रुपये ठेवली आहे. त्या बिलावर माल कोणता, निघाला कुठून, पोचणार कुठे, गाडीचा नंबर काय, सगळे असते. टोलनाक्यावरचा फास्टॅग गाडी कधी गेली ते सांगतो. नियोजनकाराला याहून मोठा खजिना कोणता?

पण या खजिन्यात एक भोक आहे. ताजा भाजीपाला, फळे, कांदा यांवर जीएसटी नाही, म्हणून त्यांना ई-वे बिलही लागत नाही. ही सवलत शेतकऱ्याच्या सोयीची आहे आणि ती राहिलीच पाहिजे. मात्र तिचा परिणाम असा की सिमेंट, औषधे, मोटारींचे सुटे भाग या मॉडेलमध्ये ठळक दिसतात आणि लासलगावचा कांदा दिसत नाही. आकड्यांच्या राज्यात ज्याचा आकडा नाही, त्याच्यासाठी रस्ताही आखला जात नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची. ऊस साधारण नोव्हेंबरपासून चार-पाच महिने रस्त्यावर असतो. दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या एकाच अरुंद रस्त्याने कारखान्याकडे जात असतात. या वाहतुकीची वर्षाची सरासरी काढली तर रस्ता निवांत दिसतो. जानेवारीच्या रात्री दिवा नसलेल्या ट्रॉलीमागून मोटारसायकलवर येणाऱ्याला विचारा, तो रस्ता किती निवांत असतो ते. शिवाय वजनाचा हिशेब सरळ नसतो. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी झालेल्या रस्ते-चाचणीतून असे दिसले की आसावरचे वजन दुप्पट केले तर रस्त्याची झीज साधारण सोळा पट होते. म्हणून गाड्या किती गेल्या एवढे मोजून भागत नाही. त्यांत काय आणि किती भरले होते, हे कळावे लागते.

तिसरी गोष्ट, मालाची वाट नुसती डोंगरनद्या ठरवत नाहीत, सरकारी नियमही ठरवतात. भिवंडीच्या आसपास मैलोन् मैल गोदामे पसरली. त्याचे एक मोठे कारण जकात. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या जमिनीवर गोदामे बांधली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. गोदामे तिथेच राहिली. रस्त्यांची कोंडीही तिथेच राहिली. एक कर गेला, पण त्याने आखलेला नकाशा अजून पुसलेला नाही.

मोठी कामे आपल्याकडे होत आहेत. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. २०२४ मध्ये राज्याने स्वतःचे लॉजिस्टिक धोरण ठरवले. रुळाचे उदाहरण घ्यायचे तर कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ पासून भरलेले ट्रकच मालगाडीवर चढवून कोलाड ते वेर्णा नेण्यास सुरुवात केली. घाटवळणे वाचली, डिझेल वाचले, चालकाला झोप मिळाली.

ही झोप कोणत्या रकान्यात लिहायची? मॉडेलमध्ये वेळेची किंमत असते, पण ती बहुतेक मालाच्या वेळेची असते. चालकासाठी १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. त्यात दिवसाला आठ तासांचे काम सांगितले होते. प्रत्यक्षात बंदराच्या, कारखान्याच्या, गोदामाच्या दारात तो किती तास गाडी खाली होण्याची वाट पाहतो, हे कोण लिहून ठेवते? त्या थांबलेल्या तासांची भरपाई तो रात्री वेगाने आणि जागरणाने करतो. सरळ, मोकळा रस्ता थकलेल्या माणसाला जागे ठेवत नाही, उलट झोपवतो. म्हणून रस्त्याइतकाच आखणीत धरायला हवा तो विसावा. गाडी लावायला जागा, आंघोळीला पाणी, चार तास निर्धास्त झोप.

मग करायचे काय? नवी यंत्रणा उभारण्याआधी जुन्या वह्या उघडाव्यात. राज्यात तीनशेच्या वर बाजार समित्या आहेत आणि त्यांच्याकडे रोजच्या आवकीची नोंद असते. साखर कारखान्याला कोणत्या गावातून किती टन ऊस आला ते माहीत असते. धान्याच्या सरकारी गोदामांत नोंदवही असते. या आवकीला जावकीची जोड द्यावी, म्हणजे माल पुढे कोणत्या गावाला गेला हे लिहावे. ते ई-वे बिलाच्या आकड्यांशेजारी ठेवावे. असे केले तर परतीला रिकामी येणारी गाडी कुठे आहे आणि तिला लागणारा माल कुठे पडून आहे, हे एकाच पानावर दिसेल. शेतकऱ्यांच्या कंपन्यांना, छोट्या गाडीमालकांना ते पान पाहता यावे.

एवढ्याने भाव वाढणार नाही. पण एका रिकाम्या खेपेचा बोजा तरी उतरेल. आणि जिल्ह्यात नवा रस्ता मंजूर झाल्याची बातमी आली की आपणही एक सवय लावून घेऊ. रस्ता किती पदरी आहे हे सगळेच विचारतात. आपण विचारू, त्यावरून कुणाचा माल जाणार आहे, आणि येताना गाडी काय घेऊन येणार आहे?