बहात्तर विरुद्ध पासष्ट

(म्हैसूर येथे विद्यार्थी, पालक व माजी विद्यार्थी यांच्यासमोर झालेले व्याख्यान)



दसरा जवळ आला की म्हैसूरच्या तरुणांना जंबूसवारीइतकेच क्रीडास्पर्धांचेही वेध लागतात. चामुंडी विहारच्या मैदानावर नाव झळकावे, असे कोणाला वाटत नाही? खेळाचा निकाल फळ्यावर दोन आकड्यांत लिहिला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुसला जातो. परंतु काही आकडे पुसले जात नाहीत. आजच्या व्याख्यानाचे शीर्षक अशाच एका निकालाचे आहे. तो एका महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाच्या १९६५-६६ च्या हंगामाचा शेवटचा निकाल होय.

या खेळाचे जन्मस्थान म्हणजे एक वर्गच. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ या शिक्षकापुढे हिवाळ्याने कोंडलेले, कवायतीला कंटाळलेले अठरा तरुण होते. त्यांना आवरण्यासाठी त्याने तेरा नियमांचा नवा खेळ रचला. पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही बास्केट दहा फुटांवरच असते. दंगेखोर वर्गाने जगाला दिलेली ही देणगी शिक्षकवर्गाने तरी विसरू नये! हा खेळ १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये प्रथम समाविष्ट झाला, तेव्हा वृद्ध नायस्मिथ तेथे उपस्थित होता. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती.

आता मूळ कथेकडे वळावे. टेक्सास राज्याच्या पश्चिम टोकाला, रिओ ग्रँडे नदीच्या काठी एल पासो हे शहर आहे. नदी ओलांडली की मेक्सिको. वाळवंट, उघडे डोंगर आणि सीमेवरची संमिश्र वस्ती. येथे १९१४ साली खाणकामाचे शिक्षण देणारी एक संस्था निघाली. तिचेच पुढे टेक्सास वेस्टर्न महाविद्यालय झाले आणि तेथील खेळाडूंना ‘मायनर्स’, म्हणजे खाणकामगार, हे नाव कायमचे चिकटले. अमेरिकेच्या दक्षिण भागात त्या काळी कृष्णवर्णीयांसाठी शाळा निराळ्या, पाणी पिण्याचे नळ निराळे, बसमधील आसने निराळी होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शाळांमधील हा भेद घटनाबाह्य ठरविला, तरी प्रत्यक्षात तो वर्षानुवर्षे टिकून राहिला. टेक्सास वेस्टर्नने मात्र १९५५ पासून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पदवीवर्गात प्रवेश दिला आणि लवकरच त्यांना संघातही घेतले.

तेथे १९६१ साली डॉन हॅस्किन्स हा प्रशिक्षक आला. त्यापूर्वी तो लहान गावांतील शाळांच्या मुलामुलींना खेळ शिकवीत असे. महाविद्यालयात आल्यावर तो पत्नी व मुलांसह विद्यार्थी वसतिगृहातच राहिला, कारण वसतिगृहावर देखरेख ठेवणे हेही त्याच्या कामाचा भाग होते. स्वभावाने तापट, बोलण्यात कठोर, सरावात निर्दय. चेंडू मिळविण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याला मिळू न देणे त्याला अधिक महत्त्वाचे वाटे. ही बचावाची शिकवण त्याने आपले गुरू हेन्री आयबा यांच्याकडून घेतली होती. पुढे निघालेल्या ‘ग्लोरी रोड’ या चित्रपटात तो नव्याने येतो आणि पहिल्याच वर्षी अजिंक्यपद मिळवितो, असे दाखविले आहे. प्रत्यक्षात त्यामागे चार-पाच वर्षांचा घाम होता. चित्रपटाला घाई असते, मैदानाला नसते.

त्या वर्षीच्या संघात बारा खेळाडू होते. सात कृष्णवर्णीय, चार श्वेतवर्णीय आणि एक मेक्सिकन वंशाचा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातून विली वर्सली, नेव्हिल शेड आणि विली केजर आले होते. गॅरी या पोलादाच्या कारखान्यांच्या गावातून ऑर्स्टन आर्टिस आणि हॅरी फ्लोर्नॉय, ह्यूस्टनहून धिप्पाड डेव्हिड लॅटिन आणि डेट्रॉइटच्या परिसरातून चपळ बॉबी जो हिल. वर्सलीची उंची अवघी पाच फूट सहा इंच, तर शेडची सहा फूट आठ इंच. मोठ्या शहरांतली ही मुले वाळवंटातल्या त्या गावात पहिल्यांदा आली तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना घर सोडून शिकायला आलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला करता येईल.

या संघाने हंगामातील पहिले तेवीस सामने ओळीने जिंकले. नियमित हंगामाचा शेवटचा सामना सिॲटलला झाला आणि तो त्यांनी दोन गुणांनी गमावला, ७४ विरुद्ध ७२. संपूर्ण हंगामातला हा त्यांचा एकमेव पराभव. त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. ओक्लाहोमा सिटीवर सहज विजय मिळाला. सिनसिनाटीविरुद्ध मात्र जादा वेळ खेळावा लागला. त्यातच संतापाच्या भरात ठोसा मारल्याबद्दल शेडला पंचांनी बाहेर काढले. हॅस्किन्सचा संताप त्याहून मोठा होता. तरीही संघ ७८-७६ असा निसटला. कॅन्ससविरुद्धचा सामना तर दोनदा जादा वेळेत गेला. पहिल्या जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी कॅन्ससच्या जो जो व्हाइटने मारलेला चेंडू बास्केटमध्ये गेला, पण त्याचा पाय सीमारेषेवर पडला होता, असा पंचांचा निर्णय झाला. एका पावलाने हंगाम वाचला. अंतिम आकडे ८१-८०. उपान्त्य फेरीत युटाहवर मात करून टेक्सास वेस्टर्न अंतिम सामन्यात पोहोचले.

समोर केंटकी विद्यापीठ होते. राष्ट्रीय क्रमवारीत पहिले स्थान, चार वेळा विजेतेपद, आणि ज्याच्या नावाचा देशभर दबदबा होता असा प्रशिक्षक अॅडॉल्फ रप. त्याच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ज्या प्रादेशिक महासंघात केंटकी खेळत असे, त्यातील एकाही विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात तोवर कृष्णवर्णीय खेळाडू उतरला नव्हता. तीनच वर्षांपूर्वी, १९६३ साली, मिसिसिपी स्टेटच्या संघाला कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या शिकागोच्या लोयोला संघाशी खेळू नये म्हणून न्यायालयाचा मनाई हुकूम काढण्यात आला होता. तो हाती पडण्याआधी त्या संघाला अक्षरशः गुपचूप राज्याबाहेर पडावे लागले. खेळायला जाण्यासाठी विद्यार्थ्यांनी लपूनछपून निघावे, हे चित्र आज विचित्र वाटते. तेव्हा ते विचित्र वाटत नव्हते, हीच खरी वेदना.

१९ मार्च १९६६. स्थळ मेरीलँड विद्यापीठाचे कोल फील्ड हाऊस. केंटकीचे खेळाडू उंच नव्हते, पण वेगवान होते. हॅस्किन्सने उंच शेडला बसवून ठेवले आणि ठेंगण्या वर्सलीला सुरुवातीलाच उतरविले. म्हणजे चेंडू घेऊन धावणारे तिघे झाले: हिल, आर्टिस आणि वर्सली. सोबत लॅटिन आणि फ्लोर्नॉय. असे पाचही कृष्णवर्णीय खेळाडू राष्ट्रीय अंतिम सामन्याला आरंभीच उतरण्याची ही पहिलीच वेळ. राखीव म्हणून जे आले तेही शेड आणि केजरच. हॅस्किन्सने आयुष्यभर एवढेच सांगितले, की त्याला कोणतीही क्रांती करावयाची नव्हती, सर्वोत्तम खेळणारे पाच जण हवे होते. त्याचे म्हणणे खरे मानावे. किंबहुना त्यातच त्याचे मोठेपण आहे.

आरंभीच लॅटिनने चेंडू जोरात बास्केटमध्ये कोंबून आपला इरादा जाहीर केला. मग पूर्वार्धात हिलने लागोपाठ दोनदा, केंटकीच्या क्रॉन आणि डँपियर यांच्या हातांतून चेंडू हिसकावला आणि एकटाच धावत जाऊन दोन्ही वेळा गुण मिळविले. सामना तेथेच फिरला, असे पाहणारे सांगतात. मध्यंतराला ३४-३१. शेवटी ७२-६५. हिलचे वीस गुण सर्वांत महत्त्वाचे ठरले. तरीही या सामन्याचा हिशोब जरा बारकाईने पाहावा, विशेषतः गणिताच्या विद्यार्थ्यांनी. मैदानातून केंटकीने सत्तावीस बास्केट केले, टेक्सास वेस्टर्नने बावीसच. मग जिंकले कोण आणि कसे? फ्री थ्रोंवर! चौतीसपैकी अठ्ठावीस त्यांनी अचूक मारले, केंटकीला मिळाले तेच मुळी तेरा. मोकळ्या जागी, शांतपणे, एकट्याने उभे राहून मारावयाचा तो चेंडू. ज्या खेळाडूंना बेशिस्त आणि निव्वळ अंगबळावर खेळणारे समजले जात असे, त्यांनी तो सामना संयमाने जिंकला.

विजेत्या संघाने बास्केटची जाळी कापून न्यावी अशी तेथे रीत आहे. त्या रात्री शिडी काही आली नाही. तेव्हा उंच शेडने ठेंगण्या वर्सलीला वर उचलले आणि वर्सलीने जाळी कापली. दुसऱ्या दिवशीच्या बहुतेक वृत्तांतांत खेळाडूंच्या वर्णाचा उल्लेखही नव्हता. टपालात मात्र तो होता. हॅस्किन्सकडे द्वेषाने भरलेल्या पत्रांचा ढीग जमला. हा सामना जिंकलोच नसतो तर बरे झाले असते, असे त्याला पुढे कित्येक दिवस वाटत राहिले.

येथवर ऐकून टाळ्या वाजविणे सोपे आहे. पण १९६८ साली एका प्रसिद्ध क्रीडा साप्ताहिकाने कृष्णवर्णीय खेळाडूंच्या स्थितीवर लेखमाला छापली आणि तिच्यात टेक्सास वेस्टर्नवरच बोट ठेवले. अंतिम सामना सुरू करणाऱ्या पाचांपैकी एकाच्याही हाती तोवर पदवी नव्हती. महाविद्यालयाने त्यांना खेळवून घेतले, शिकविले नाही, असा आरोप झाला. खेळाडूंपैकी काहींनी पुढे शिक्षण पूर्ण केले, काहींना हा आरोप एकांगी वाटला, आणि हॅस्किन्सच्या मनाला तो अखेरपर्यंत बोचत राहिला. तरीही शाळेच्या सभागृहात तो प्रश्न टाळता येणार नाही. मैदानाचे दार उघडणे आणि वर्गाचे दार उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानात निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. म्हैसूरचे नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांनी १९१८ साली न्यायमूर्ती मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून तोच विचार या संस्थानात आणला. त्यांना दुसऱ्या दाराचे महत्त्व कळले होते.

आपल्याकडचे उदाहरण तर याहूनही जुने आहे. धारवाडात जन्मलेले पळवणकर बाळू हे पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची निगा राखीत आणि सरावासाठी त्यांना गोलंदाजी करीत. पुढे हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी झाली. पण चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात चहा मिळे. चेंडू विटत नव्हता, कप विटत होता! भारतीय संघाच्या १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

बॉबी जो हिल पदवी न घेता एल पासोमध्येच राहिला, तेथील नैसर्गिक वायू कंपनीत नोकरी केली आणि २००२ साली वारला. सबंध संघाचा २००७ साली नायस्मिथ यांच्या नावाच्या सन्मानदालनात समावेश झाला. दुसऱ्या वर्षी हॅस्किन्सही गेला.

आणि आणखी एक विद्यार्थी. त्याच १९६६ च्या वसंतात नॅशव्हिलच्या एका शाळेतून पेरी वॉलेस हा मुलगा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होत होता. केंटकी ज्या महासंघात होते, त्याच महासंघातील व्हँडरबिल्ट विद्यापीठात त्याने प्रवेश घेतला आणि त्या महासंघाच्या बास्केटबॉल मैदानावर उतरणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. प्रेक्षकांच्या शिव्या, धमक्या सोसून तो खेळला आणि खेळता खेळता त्याने अभियांत्रिकीची पदवी मिळविली. मग कायद्याचीही. पुढे कोल फील्ड हाऊसपासून थोड्याच अंतरावर असलेल्या वॉशिंग्टन शहरात त्याने अनेक वर्षे विद्यार्थ्यांना कायदा शिकविला.