सूर्य, सरकार आणि सामाईक विहीर

(मंडळाच्या तळेगाव (श्यामजी पंत) येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



सौरशक्ती व सरकारी साहाय्य हा विषय चालकांनी आमच्याकडे सोपविला, तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी पृच्छा केली की, वधूवर परिचय आणि विद्यार्थ्यांची पारितोषिके सोडून ज्ञातिसंमेलनात पंपाचे काय प्रयोजन? प्रयोजन आहे, आणि ते शेतापेक्षा घराशी अधिक निगडित आहे, हे पुढे दिसेलच.

आपल्या वर्धा जिल्ह्यास हा विचार नवा नाही. सेवाग्रामच्या या जिल्ह्यात गोबरगॅसची चर्चा आपल्या वडिलांनी ऐकलेली आहे. 1981-82 पासून त्यासाठी देशव्यापी योजना झाली, अनुदाने मिळाली, घरोघर टाक्या बांधल्या गेल्या. पुढे गोठ्यातली जनावरे कमी झाली आणि कित्येक टाक्यांत आज केवळ पालापाचोळा साठतो. साहाय्य बांधण्यास मिळाले. चालविण्याची चिंता कोणी वाहिली नाही. नवी योजना आली की आम्ही प्रथम हीच बाजू पाहतो.

आता आपल्या आष्टी तालुक्याकडे वळू. येथे संत्र्याची बाग म्हणजे घराची तिजोरी. पण कृषिपंपास वीज मिळते ती आळीपाळीने, एक पाळी दिवसाची व एक रात्रीची. रात्रीच्या पाळीत कंदील वा बॅटरी घेऊन, साप व रानडुकरे यांच्या भीतीत, ओलित करावयास कोण जाते? आपलाच मुलगा. एप्रिल 2024 पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस राज्य सरकारने वीज मोफत केली, हे खरे. तथापि मध्यरात्री येणारी फुकट वीज आम्हांस महागच वाटते. शिवाय ती बव्हंशी कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर येथील कोळशाची. तिचा धूर व राख विदर्भाच्याच वाट्याची.

सरकारने यावर दोन वाटा काढल्या आहेत. पहिली, 2024 ची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना. पंपाच्या किंमतीचा दहावा हिस्सा शेतकऱ्याने भरावयाचा, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने विसावा; उर्वरित भार केंद्र व राज्य सरकारांचा. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यावर साडेसात अश्वशक्तीचा पंप. पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी व विमा यांत अंतर्भूत आहे, म्हणजे गोबरगॅसचा धडा कोणीतरी गिरविला म्हणावयाचा! मात्र ज्यांच्याकडे पूर्वीची वीजजोडणी नाही, त्यांच्यासाठीच ही योजना आखलेली आहे.

दुसरी वाट मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची. ती 2017 साली निघाली व 2023 साली तिला दुसरे रूप मिळाले. हिच्यात पंप बदलत नाही. उपकेंद्राजवळ सौरप्रकल्प उभारून संपूर्ण वाहिनीसच दिवसा वीज द्यावयाची. जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये व दरसाल तीन टक्के वाढ, आणि ग्रामपंचायतीस तीन वर्षे दरसाल पाच लाखांचे साहाय्य ठरले.

या दोहोंत आमचा कल दुसरीकडे आहे. आंबिया बहारासाठी आपण थंडीत बागेस ताण देतो, तेव्हा पाणी तोडलेले असते. पावसाळ्यातही पंप उभाच. त्या दिवसांत शेतातील स्वतंत्र सौरपट्ट्यांवर पडणारे ऊन वाया जाते. वाहिनीवरील ऊन मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी कामी येते. पण वाहिनी येईल तेव्हा येईल; ज्यास आज जोडणीच नाही त्याने थांबून राहावे, असे आम्ही म्हणणार नाही. त्याने विहिरीजवळ हौद वा शेततळे करून दुपारचे पाणी साठवावे, पट्ट्यांवरची धूळ पुसत जावी. आणि भाड्याच्या मोहाने कोणी उभी बाग तोडू नये. पडीत जमीन द्यावी, तीही देताना तेथे मजुरी करणाऱ्या कुटुंबांचा विचार करावा.

आता घराची गोष्ट. विहीर सामाईक असेल तर पंपाच्या अर्जास इतर हिस्सेदारांचे ना हरकतपत्र लागते. येथेच आपल्यापैकी अनेकांचे घोडे अडते. धुऱ्यावरून वा लग्नातील मानपानावरून दोन भाऊ बोलत नाहीत, वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसनोंद झालेली नाही, बहिणींची नावे चढविण्याची कोणास इच्छा नाही. सरकार नव्वद टक्के देण्यास सिद्ध आहे आणि आपण एक सही देण्यास सिद्ध नाही! बहिणीचे नाव लावले तर वाटा जाईल, या भीतीने कागद वर्षानुवर्षे पडून राहतो; वाटा कायद्याने तिचा आहेच, नोंद न केल्याने तो नाहीसा होत नाही. कित्येक बहिणी विचारताच सही देतील. त्यांस कोणी विचारलेलेच नसते.

म्हणून मंडळाने असे योजिले आहे की, भोजनोत्तर सत्रात मंडपाच्या पूर्वेस दोन मेजे मांडावी. एकावर अर्जाचे साहाय्य मिळेल. सातबारा, आधारपत्र व बँकेचे पुस्तक सोबत असावे, आणि कोणा दलालास पैसे देऊ नयेत. दुसऱ्या मेजावर समाजातील तीन ज्येष्ठ बसतील. सामाईक विहिरीचे हिस्सेदार भाऊबहीण आज येथे एकत्र आलेच आहेत. त्यांनी प्रथम त्या मेजाकडे यावे.