बाप्तिस्म्याचे पाणी
(पांढरकवडा येथील बौद्ध कुटुंबांपुढे दिलेले भाषण)



एका भावाने धम्मदीक्षा घेतली आणि दुसऱ्याने बाप्तिस्मा घेतला, अशी घरे आपल्या समाजात आहेत. त्या दुसऱ्या भावाविषयी ‘त्याने डोक्यावर पाणी ओतून घेतले’ एवढे बोलून आपण मोकळे होतो. ज्या समाजाला घोटभर पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसावा लागला, त्याने तरी पाण्याच्या संस्काराचा अर्थ जाणल्यावाचून त्याची थट्टा करू नये.

‘बाप्तिस्मा’ हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ बुडविणे असा आहे. येशूने स्वतः यार्देन नदीत योहानाच्या हातून बाप्तिस्मा घेतला, असे शुभवर्तमाने सांगतात. या विधीने पाप धुतले जाते, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. परंतु अर्थ तेवढ्यावर संपत नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याचा उलगडा केला आहे. पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे व पुरले जाणे. पाण्यातून वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणे. म्हणूनच हा संस्कार पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने, जन्मात एकदाच करावयाचा असतो.

ख्रिस्ती पंथांत याविषयी एकमत मात्र नाही. रोमन कॅथलिक तान्ह्या मुलालाही बाप्तिस्मा देतात आणि त्याच्या वतीने आईबाप व धर्ममातापिता वचन देतात. बॅप्टिस्ट म्हणतात, ज्याला समजते व जो स्वमुखाने श्रद्धा कबूल करतो त्यालाच, आणि तोही पूर्ण बुडवून. मुक्तिफौज तर पाण्याचा विधीच करीत नाही. याचा अर्थ, पाणी श्रेष्ठ की निश्चय श्रेष्ठ, हा प्रश्न त्यांच्या घरातही विचारला गेला आहे.

महाराष्ट्रात या पाण्याची किंमत मोठी होती. बाबा पदमनजींनी १८५४ साली, पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात, आणि नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. बायबल घरी वाचणे एक वेळ खपत असे. परंतु पाणी घेतले की माणूस जातीबाहेर पडे. धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क बुडू नये म्हणून १८५० साली सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला होता. टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्यांचा व लक्ष्मीबाईंचा संसार काही वर्षे दुभंगला. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. आणि याच टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी! पाण्यासाठी घरदार पणास लावणाऱ्या मनुष्यानेच पाण्याची भिंत होऊ दिली नाही, हे ध्यानात घ्या.

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. हे पाणी जात धुते काय? गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, बाप्तिस्मा घेतलेल्यांत दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही. शिकवण स्पष्ट आहे. पण तामिळनाडूत कित्येक ठिकाणी दलित ख्रिस्ती लोकांना चर्चमध्ये वेगळी जागा व मरणानंतर वेगळी दफनभूमी मिळाली, अशी तक्रार त्यांनी स्वतःच केली आहे. पाणी तेच होते. ते देणाऱ्याघेणाऱ्यांची मने तीच राहिली होती. दुसरीकडे, अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात शिखांचा समावेश १९५६ साली व बौद्धांचा १९९० साली झाला; ख्रिस्ती मात्र बाहेरच ठेवले गेले. म्हणजे गावाने त्यांची जात विसरली नाही आणि कायद्याने ती मान्य केली नाही. हा दुहेरी अन्याय आपल्याच रक्ताच्या माणसांवर आहे; त्याविरुद्ध बोलणे आपले काम नव्हे काय?

बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते पाप धुण्यासाठी नव्हे; माणुसकीचा हक्क बजावण्यासाठी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी आपल्याला धम्म दिला तो बावीस प्रतिज्ञांनी. त्यांतील एक प्रतिज्ञा सर्व माणसे समान मानण्याची आहे. तेव्हा जो प्रश्न आपण ख्रिस्ती बांधवांना विचारतो, तोच आपल्यालाही लागू पडतो. दीक्षा घेतलेल्या घरात मांग शेजाऱ्याला माठातले पाणी त्याच पेल्यातून दिले जाते काय? त्याची मुलगी सून म्हणून चालते काय?

आपल्या भावाच्या मुलाचा बाप्तिस्मा असेल तर अवश्य जा, आदराने बसा, अर्थ समजून घ्या. तुमची श्रद्धा त्याने ढळणार नाही. पण घरी परतल्यावर आपल्या प्रतिज्ञा पुन्हा एकदा वाचा आणि त्यांतील कोणती अजून आचरणात यावयाची राहिली आहे, ते घरातील सर्वांनी मिळून ठरवा.

जय भीम!