‘श्राइबटिश’ची कुळकथा

लिहिण्याच्या टेबलाला जर्मन भाषेत ‘श्राइबटिश’ म्हणतात. ‘श्राइबेन’ म्हणजे लिहिणं, ‘टिश’ म्हणजे टेबल. हा जोडशब्द अस्सल जर्मन वाटतो. पण त्याची दोन्ही पदं लॅटिनमधून आली आहेत. ‘श्राइबेन’चं मूळ ‘स्क्रीबेरे’, तर ‘टिश’चं मूळ ‘डिस्कुस’, म्हणजे थाळी. आणि हा शब्द लॅटिननं ग्रीकमधून घेतलेला. जुन्या जर्मनमध्ये ‘टिस्क’ हा एकच शब्द थाळी आणि टेबल या दोन्ही अर्थांनी वापरला जाई. इंग्रजीतले ‘डिश’ आणि ‘डेस्क’ही याच ‘डिस्कुस’चे वंशज.

मग ‘श्राइबटिश’ला उसना शब्द म्हणायचं का? पुरावा वेगळं सांगतो. जर्मनमध्ये आल्यावर ‘ड’चा ‘ट’ झाला, पुढे ‘स्क’चा ‘श’ झाला. ‘श्राइबेन’चा भूतकाळ ‘श्रीब’ होतो. आतला स्वर बदलण्याची ही रीत जुन्या जर्मन क्रियापदांची. शिवाय दोन पदं सांधण्याचा नियमही जर्मनच. हे बदल एका पिढीत होत नाहीत; त्यासाठी शब्द शतकानुशतकं लोकांच्या तोंडी असावा लागतो. म्हणून शब्द कुठून आला यापेक्षा भाषेनं त्याला कसं घडवलं, यावरच त्याचं आपलेपण ठरवणं न्याय्य आहे.